वार्धक्यातील मलमूत्रविसर्जनाचे विकार व त्यांची शुश्रूषा

वृद्ध माणसाला लघवी आवरेनाशी झाली किंवा नकळत शौचास होऊ लागले, की 'वयच झाले' असे म्हणून घरातील मंडळी तो विषय संपवितात. रुग्णही लाजेमुळे बोलत नाही. तो पाणी पिणे कमी करतो, लग्नकार्यास व देवदर्शनास जाण्याचे टाळतो आणि हळूहळू खोलीपुरता उरतो. वस्तुतः वार्धक्यामुळे या विकारांना वाव मिळत असला, तरी वार्धक्य हे त्यांचे पुरेसे कारण नव्हे. प्रत्यक्ष कारण बहुधा निराळे असते, आणि पुष्कळदा ते दूर करण्याजोगे असते. ते शोधणे हे शुश्रूषेचे पहिले कार्य होय.

ही दृष्टी वैद्यकात बऱ्याच उशिरा आली. इ. स. १९३५ मध्ये इंग्लंडमधील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या निर्धनगृहाच्या रुग्णालयातील सातशेहून अधिक रुग्ण सोपविण्यात आले. त्यांत अनेक वर्षे अंथरुणाला खिळलेले वृद्ध पुष्कळ होते. डॉ. मार्जरी वॉरेन यांनी प्रत्येकाची तपासणी व वर्गवारी केली आणि शक्य त्यांना अंथरुणातून उठविले. असाध्य मानलेल्यांपैकी अनेक जण हिंडूफिरू लागले व काही घरी परतले. पुढे १९६२ मध्ये लंडनमधील परिचारिका डोरीन नॉर्टन व त्यांचे सहकारी यांनी वृद्धांच्या शुश्रूषेवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. शय्याव्रणाचा धोका ओळखण्यासाठी त्यांनी जी गुणपद्धती सुचविली, तिच्या पाच घटकांत मलमूत्रावरील ताबा हा एक आहे. ओल्या अंथरुणाचा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नसून रुग्णाच्या एकंदर प्रकृतीशी निगडित आहे, हे त्यावरून ध्यानात येईल.

निरोगी प्रौढाच्या मूत्राशयात साधारणपणे ३०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. मूत्राशय भरत असताना त्याची भित्ती शिथिल राहते व मूत्रमार्गाभोवतीचे संकोचक स्नायू आवळलेले असतात. विसर्जनाच्या वेळी ही क्रिया उलट होते, आणि योग्य स्थळ व वेळ येईपर्यंत मेंदू तिला थोपवून धरतो. वयोमानाने मूत्राशयाची धारणशक्ती घटते, विसर्जनानंतर काही मूत्र मागे उरते आणि रात्रीची मूत्रनिर्मिती वाढते. त्यामुळे संयमाची मर्यादा अरुंद होते, परंतु नाहीशी होत नाही. तीत आणखी एखाद्या व्याधीची भर पडली, म्हणजे तोल सुटतो.

मूत्रविसर्जनावरील ताबा सुटण्याचे स्थूलमानाने चार प्रकार आहेत. पहिल्यात वेग एकाएकी व अनावर येतो. दुसऱ्यात खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना थोडी लघवी निसटते. हा प्रकार स्त्रियांत अधिक आढळतो. तिसऱ्यात मूत्राशय पुरता रिकामा न होता तुंबतो व थेंबथेंब झिरपतो. पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी हे त्याचे एक प्रमुख कारण. चौथ्यात मूत्राशय ठीक असतो, परंतु संधिवात, मंद दृष्टी किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे रुग्ण वेळेवर शौचालयापर्यंत पोहोचत नाही. एकाच रुग्णात यांपैकी दोन प्रकार एकत्र असणेही असामान्य नव्हे.

विकार अलीकडेच उद्भवला असेल, तर तात्पुरत्या कारणांचा शोध आधी घ्यावा. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, अनियंत्रित मधुमेह, लघवी वाढविणारी वा झोपेची औषधे, आजारपणातील तीव्र संभ्रम आणि मोठ्या आतड्याच्या टोकाशी साचलेला कठीण मल ही त्यांतील मुख्य होत. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वृद्धांच्या लघवीत कोणतेही लक्षण नसताना जंतू आढळणे ही सामान्य गोष्ट आहे. तेवढ्यावरून प्रतिजैविके देणे सहसा योग्य ठरत नाही.

कारण कळण्यासाठी तीन दिवसांची नोंदवही उपयोगी पडते. काय व केव्हा प्यायले, लघवी केव्हा व किती झाली, कपडे केव्हा ओले झाले व त्या वेळी रुग्ण काय करीत होता, एवढे लिहिले म्हणजे पुष्कळदा नियम स्पष्ट होतो. सकाळच्या चहानंतर तासाभराने कपडे भिजत असतील, तर त्याआधी रुग्णाला शौचालयात नेणे हाच उपाय ठरतो. ज्याला स्वतःहून आठवण राहत नाही, त्याला दर दोन तासांनी विचारावे, मदत करावी व कोरडे राहिल्याबद्दल चार शब्द कौतुकाचे बोलावे. ज्याची बुद्धी शाबूत आहे, त्याने वेग आल्यावर थोडे थांबण्याचा सराव करून दोन विसर्जनांमधील अंतर क्रमाक्रमाने वाढवावे. ओटीपोटाचा तळ सावरणाऱ्या स्नायूंचा जो व्यायाम डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला, तो दुसऱ्या प्रकारात विशेष गुणकारी आहे. मात्र त्याचे फळ दिसण्यास सुमारे तीन महिने नियमित परिश्रम लागतात.

पाणी तोडणे हा उपाय नव्हे. दाट झालेली लघवी मूत्राशयाला चेतविते, आणि मलावरोधही बळावतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे वैद्यांनी बंधन घातले नसेल, तर दिवसभरात पुरेसे पाणी द्यावे. सायंकाळनंतरचे पाणी व चहा तेवढा कमी करावा.

चौथ्या प्रकारात औषधापेक्षा घराची रचना महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत उकिडवे बसण्याचे शौचकूप आहे. ज्याचे गुडघे वाकत नाहीत, त्याला तेथे बसणे व उठणे दोन्ही भयप्रद वाटते. जुन्या घरांत तर शौचालय मागील अंगणात असते. भिंतीला पक्की दांडी, बसण्यास कमोडची खुर्ची, वाटेवर रात्री दिवा आणि खाटेजवळ भांडे एवढ्या सोयींनीही अनेकांचा ताबा परत येतो. नाडीऐवजी इलॅस्टिकचे वस्त्र दिल्यास ऐन वेळी गाठ सोडण्यात जाणारी मिनिटे वाचतात.

मलविसर्जनाच्या बाबतीत सर्वांत फसवी अवस्था साचलेल्या मलाची होय. कठीण गोळ्याच्या कडेने पातळ मल झिरपतो. घरचे त्यास जुलाब समजून जुलाब थांबविणारे औषध देतात आणि अडथळा वाढतो. म्हणून अशा रुग्णाची गुदद्वारातून तपासणी होणे अगत्याचे आहे. नेहमीच्या मलावरोधात न्याहारीनंतर ठरावीक वेळी, पायांखाली पाट घेऊन, घाई न करता बसवावे, कारण अन्न पोटात गेल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल स्वभावतःच वाढते. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच द्यावे. मल साचून राहिला असताना ते देऊ नये. लोह व अफूजन्य वेदनाशामके यांनीही मलावरोध होतो, हे विसरता कामा नये.

कॅथेटर हा सोयीचा वाटणारा, परंतु महाग पडणारा उपाय आहे. तो घातल्यानंतर दररोज सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. यास्तव लघवी तुंबणे यासारखे निश्चित कारण असल्याशिवाय तो ठेवू नये व कारण संपताच काढावा. डायपरचा उपयोग प्रवासात वा रात्री करता येतो; मात्र तो बांधल्यावर कारणाचा शोध थांबतो, ही त्यातील उणीव होय. त्वचा भिजताच कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवावी, टिपून कोरडी करावी व झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. स्त्रियांची स्वच्छता पुढून मागे करावी.

लघवी अकस्मात पूर्णपणे अडणे, लघवीत वा मलात रक्त दिसणे, पायांतील शक्ती किंवा बैठकीच्या भागाची संवेदना एकाएकी जाणे, अथवा शौचाची सवय बदलून वजन घटत जाणे, या लक्षणांत विलंब न लावता वैद्यकीय तपासणी करावी.

सर्वच रुग्ण पूर्णपणे बरे होतात असे नव्हे. प्रगत स्मृतिभ्रंशात किंवा पक्षाघातानंतर पुष्कळदा कोरडेपणा टिकविणे एवढेच साधते. तथापि तेथेही पडदा लावून, हलक्या आवाजात व लहान मुलासारखे न रागावता केलेली सेवा रुग्णाची प्रतिष्ठा राखते. ज्या वृद्धाला आपली लाज राखली जाईल असा विश्वास वाटतो, तोच आपली तक्रार वेळेवर सांगतो, आणि उपचाराची सुरुवात त्या सांगण्यापासूनच होते.