गिगाहर्ट्झचा आकडा आणि कामाचा वेग

मार्च २०००मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन घोषणा झाल्या. ६ तारखेला एएमडीने आपला अ‍ॅथलॉन प्रोसेसर १ गिगाहर्ट्झवर पोचल्याचे जाहीर केले. ८ तारखेला इंटेलने पेन्टियम ३ बाबत तेच सांगितले. सेकंदाला १०० कोटी ठोके! तेव्हापासून संगणक घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरून गेला, ‘किती गिगाहर्ट्झचा?’

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला पेन्टियम ४ आला, १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा. समोर होता १.२ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन. आकडे पाहून कुणीही पेन्टियमच्याच पारड्यात वजन टाकले असते. पण दोघांना प्रत्यक्ष कामाला लावल्यावर ऑफिसच्या नेहमीच्या कामांत अ‍ॅथलॉन पुढे निघाला. काही चाचण्यांत तर १ गिगाहर्ट्झच्या जुन्या पेन्टियम ३नेही या नव्या भावाला मागे टाकले. उलट ‘क्वेक ३’ या गेममध्ये पेन्टियम ४ सरस ठरला, कारण मेमरीतून माहितीचा मोठा ओघ खेचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

असे का झाले? ठोका म्हणजे पाऊल. लहान मूल वडिलांबरोबर चालताना कितीतरी जास्त पावले टाकते, तरी पुढे वडीलच असतात. कामाला लागणारा वेळ तीन गोष्टींवर ठरतो : सूचना किती, एका ठोक्यात सरासरी किती सूचना उरकतात आणि सेकंदाला ठोके किती. समजा, एका प्रोग्राममध्ये ३६० कोटी सूचना आहेत. १.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ठोक्यामागे सरासरी ०.८ सूचना उरकत असेल, तर त्याला ३ सेकंद लागतील. १.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर १.२ सूचना उरकत असेल, तर तो अडीच सेकंदांत मोकळा.

ठोके वाढवण्यासाठी इंटेलने प्रत्येक सूचनेच्या प्रवासाचे बारीक तुकडे केले. पेन्टियम ३मध्ये १० टप्पे होते, पेन्टियम ४मध्ये ते २० झाले. त्यांतले दोन टप्पे तर केवळ विद्युतसंकेत चिपच्या एका भागातून दुसऱ्या भागात पोचावा म्हणून राखलेले; त्यांत हिशेब काहीच होत नसे. टप्पा जितका छोटा, तितका ठोका जलद. पण प्रोग्राममध्ये दर पाच-सात सूचनांमागे एखादा ‘असे असेल तर इकडे, नाहीतर तिकडे’ असा फाटा येतो. उत्तर हाती येण्याआधीच प्रोसेसर अंदाजाने एक वाट धरतो. अंदाज चुकला की त्या वाटेवर केलेले सगळे काम टाकून पुन्हा सुरुवात करावी लागते आणि टप्पे जितके जास्त, तितका हा दंड मोठा.

तुलना निखळ नव्हती, हेही सांगायला हवे. सुरुवातीच्या पेन्टियम ४ला महागडी आरडीरॅम मेमरी लागे, अ‍ॅथलॉनला वेगळी, मदरबोर्डही वेगळे. त्यामुळे तुलना दोन चिपांची न राहता दोन अख्ख्या संगणकांची होत होती. १९९७ साली ही अडचण नव्हती. तेव्हा एएमडीचा के-६ पेन्टियमच्याच सॉकेटमध्ये बसे. मदरबोर्ड आणि मेमरी तीच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येई. या दोन्ही घराण्यांशी पुण्यात जन्मलेल्या एका अभियंत्याचे नाव जोडलेले आहे. विनोद धाम यांनी इंटेलमध्ये पहिल्या पेन्टियमच्या कामाचे नेतृत्व केले आणि पुढे नेक्सजेन या कंपनीमार्गे एएमडीत जाऊन के-६ उभा करण्यात मोठा वाटा उचलला.

ऑक्टोबर २००१मध्ये एएमडीने अ‍ॅथलॉन एक्सपीवर गिगाहर्ट्झऐवजी ‘१८००+’ असे क्रमांक छापले. त्या चिपचा खरा वेग होता १.५३ गिगाहर्ट्झ. ठोक्यांऐवजी कामाचा वेग सांगण्याचा हेतू समजण्यासारखा होता. पण ग्राहकाच्या हाती पुन्हा एक आकडाच आला, असे माझे मत आहे.

ठोके वाढवत नेण्याची इंटेलची वाट २००४ साली उष्णतेने अडवली. नव्या ‘प्रेस्कॉट’ पेन्टियम ४मध्ये टप्पे ३१ झाले होते. ३.८ गिगाहर्ट्झच्या चिपसाठी ११५ वॅट उष्णता बाहेर टाकण्याची सोय करावी लागे. ४ गिगाहर्ट्झची घोषित चिप रद्द झाली आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर सभेत गुडघे टेकून त्याबद्दल माफी मागितली. दुसरीकडे इस्रायलमधल्या इंटेलच्याच चमूने लॅपटॉपसाठी केलेला १.६ गिगाहर्ट्झचा पेन्टियम एम साधारण २५ वॅटमध्ये भागवत होता. कमी ठोक्यांत जास्त काम हाच त्याचा बाणा. त्याच विचारातून २००६ साली कोअर २ ड्युओ आला आणि २.४ गिगाहर्ट्झच्या त्या चिपने ३.८ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम ४ला सहज मागे टाकले.

आज प्रश्न थोडा बदलला आहे. इंटेलच्या एकाच ‘आय ७’ नावाखाली १५ वॅटची चिप असते आणि ४५ वॅटचीही. पातळ लॅपटॉप पहिला मिनिटभर सुसाट धावतो आणि तापला की आपणहून वेग उतरवतो. म्हणून दोन मिनिटांच्या चाचणीतला विजेता अर्ध्या तासाच्या व्हिडिओ एडिटिंगमध्ये मागे पडू शकतो. तसेच सोळा कोअरची, म्हणजे सोळा स्वतंत्र प्रोसेसर पोटात असलेली चिप एका वेळी एकच कोअर वापरणाऱ्या सॉफ्टवेअरला फारशी मदत करत नाही.

या दिवाळीत मुलांसाठी किंवा ऑफिससाठी संगणक घेणार असाल, तर दुकानदाराकडून प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्या. तुमचीच एखादी जड एक्सेल फाइल किंवा व्हिडिओ पेनड्राइव्हवर न्या, ज्या यंत्रांतून निवड करायची आहे त्या प्रत्येकावर तेच काम करून पाहा आणि वेळ मोजा. एकदा यंत्र थंड असताना मोजा आणि एकदा ते चांगले तापल्यावर.