तान्ह्या मुलासह अर्ध्या दिवसाची सहल

घरात तान्हे मूल असले म्हणजे कित्येक कुटुंबे वर्ष-दोन वर्षे बाहेर पडावयाचेच सोडतात. कित्येक एकदम लांबची यात्रा काढून मुलास शिणवितात. या दोहोंमधील मार्ग म्हणजे अर्ध्या दिवसाची सहल होय. मुलासाठी अंतर मोजावयाचे ते मैलांनी नव्हे, तर दुधाच्या व झोपेच्या वेळांनी. देगलूरहून नांदेड सुमारे ८० किलोमीटर. जाण्यायेण्यातच दिवस सरतो. होट्टल मात्र तालुक्यातच आहे. तेथील चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराची शिल्पे थोरांनी पाहावी, मुलाने सावलीत निजावे आणि उन्हे चढण्यापूर्वी घरी परतावे.

ऋतू हिवाळ्याचाच निवडावा. वजनाच्या मानाने तान्ह्या मुलाच्या त्वचेचा विस्तार अधिक असतो. म्हणून त्याचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते. ऊन लागू नये म्हणून तोंडावर जाड पदर ओढला, तर आत वारा खेळत नाही व उष्मा उलट वाढतो. ६ महिन्यांच्या आतील मुलास, उकाडा असला तरी, वरचे पाणी देऊ नये. आईचे दूध वरचेवर पाजणे पुरेसे असते. लघवी कमी होणे, तोंड कोरडे पडणे, टाळू खोल जाणे किंवा मूल मलूल होणे, यांपैकी एकही चिन्ह दिसताच सहल तेथेच आटोपून डॉक्टरांकडे जावे.

पाहणे अपुरे राहिले तरी खंत नसावी. जे मंदिर सुमारे ९०० वर्षे उभे आहे, ते पुढील महिन्यातही तेथेच भेटेल.