टर्बो गेला? आधी पाइप बघा

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेली डिझेल गाडी साखरपा सोडून आंबा घाटाला लागते. चढावर ती ओढत नाही, मागे काळा धूर सोडते, आणि निदान ठरलेलं असतं: ‘टर्बो गेला.’ नवा टर्बो बसतो, मोठं बिल होतं, आणि पुढच्या फेरीला तोच घाट, तोच धूर. धडधाकट टर्बो मात्र भंगारात गेलेला असतो.

काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर आहे, पण ते जाळायला हवा पुरत नाही. हवा अडण्याच्या किंवा वाटेत गळण्याच्या जागा टर्बोच्या बाहेरच जास्त असतात. जांभ्याच्या लाल धुळीने एअर फिल्टर तुंबतो. खाऱ्या वाऱ्याने क्लिपा गंजून सैल होतात. आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे टर्बोपासून इंटरकूलरकडे, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाणारा रबरी पाइप. त्याची चीर उभ्या गाडीत मिटलेली असते. घाटात इंजिनवर ताण आला, पाइपात दाब चढला, की ती उघडते आणि हवा फुस्स करत बाहेर जाते. म्हणून गॅरेजमध्ये ‘पाइप बरोबर आहे’ असं सांगितलं जातं. हात घालून पाइपची खालची बाजू चाचपा. तिथे तेलकट ओल आणि त्यावर चिकटलेली धूळ सापडली, तर चीर बहुधा तिथेच आहे. शंका उरलीच, तर थोड्या दाबाची हवा भरून साबणाचं पाणी लावा. फुगे जागा दाखवतात.

टर्बो तपासायचाच असेल, तर इंजिन बंद आणि गार असताना हवेचा पाइप काढून आतलं चाक बोटाने फिरवा. चाक आडवं किंचित हललं की लगेच ‘बेअरिंग गेलं’ म्हणतात. तेवढा खेळ बहुतेक टर्बोंत मुद्दाम ठेवलेला असतो, कारण शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. चाक पुढे-मागे हललेलं बोटाला जाणवलं, किंवा पात्यांनी आतून घासल्याचे चरे दिसले, तर मात्र टर्बो खराब समजा.

निळा धूर म्हणजे इंजिनचं ऑइल जळतंय. तरी दोष टर्बोच्या सीलचाच असेल असं नाही. टर्बोतून ऑइल परत खाली नेणारी नळी दबली किंवा तुंबली, किंवा ब्रीदर बंद होऊन क्रँककेसमध्ये दाब वाढला, तर चांगल्या टर्बोतूनही ऑइल बाहेर पडतं. नवा बसवला, तर तोही ऑइल टाकणारच. हवेच्या पाइपात ऑइलचा हलका ओशटपणा मात्र नेहमीचाच. त्याला घाबरू नये.

पांढऱ्या धुराची गोष्ट वेगळी आहे. ‘हेड गॅसकेट गेलं, पाणी जळतंय’ हे निदान पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनला लागू पडेल. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात जळायला पाणीच नसतं. तिथे पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो. तेव्हा इंजेक्टर, टायमिंग आणि कॉम्प्रेशन बघा.

टर्बो आणि हवेने थंड होणारं इंजिन ही जोडी आपल्या रस्त्यावर क्वचितच दिसते. आपल्याकडे एअरकूल्ड इंजिन भेटतं ते रिक्षात, मोटारसायकलीत, पंपावर. त्याला टर्बो नसतो. जगात मात्र ही जोडी झाली. 1962 ची शेव्हरोले कॉर्व्हेअर, 1975 ची पोर्शे 911 टर्बो, बांधकामाच्या यंत्रांतलं डॉइट्झचं बीएफ6एल913 ही तिची नावाजलेली उदाहरणं. अशा इंजिनात उष्णतेची प्रत्येक चूक दुप्पट महागात पडते, आणि त्यातल्या बऱ्याच चुका रिक्षावाले आणि बागायतदारही रोज करतात.

पहिली चूक म्हणजे ‘पाणी नाही, तर तापणार कसं?’ हा समज. पाण्याच्या तापमानाचा काटा नसल्यामुळे तापलेलं कळत नाही, एवढंच. मागे इंजिन असलेल्या वाहनाला समोरचा वारा पुरत नाही. पंखा हवा ढकलतो आणि भोवतीचा पत्रा ती हवा फिन्समधून, म्हणजे इंजिनवरच्या पातळ पात्यांच्या फटींतून, जायला भाग पाडतो. ‘मोकळी हवा लागू दे’ म्हणून तो पत्रा काढून ठेवणारे आहेत. त्याने इंजिन जास्त तापतं, कारण हवा सोप्या वाटेने निसटते आणि फिन्सना हवाच मिळत नाही. गळक्या ऑइलवर लाल माती बसली की फिन्सच्या फटीत घट्ट थर जमतो. वरून पुसून तो निघत नाही. पत्रा उतरवून खरवडावा लागतो. कॉर्व्हेअरचा पंखा एका पट्ट्यावर चालायचा आणि तो पट्टा काटकोनात वळण घेत जायचा. तो तुटला की चार्जिंगचा दिवा लागायचा. तिथेच गाडी थांबवली नाही, तर इंजिन संपलं.

घाटात थांबून तापलेल्या इंजिनवर बाटलीभर पाणी ओतणं तर साफ थांबवायला हवं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एका बाजूने एकदम आकसतं, वाकतं किंवा तडकतं. इंजिन आपोआप निवू द्या.

‘टर्बो गाडी बंद करण्याआधी पाच मिनिटं चालू ठेवा’ हा सल्ला अर्धा खरा आहे. रत्नागिरीतच मारुती मंदिरापर्यंत सावकाश जाऊन आलेल्या गाडीला त्याची गरज नाही. घाटमाथ्यावर चहाला थांबताना मात्र एक-दोन मिनिटं इंजिन संथ चालू द्यावं. इंजिन लगेच बंद केलं, तर ऑइलचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोत राहिलेलं ऑइल करपून कडक होतं. काही टर्बोंच्या बेअरिंगभोवती पाणी खेळवलेलं असतं आणि इंजिन बंद झाल्यावरही ते थोडा वेळ उष्णता वाहून नेतं. एअरकूल्ड इंजिनच्या टर्बोला हा आधार नसतो. त्याची भिस्त फक्त ऑइलवर. म्हणून तिथे ऑइल वेळेवर बदलणं आणि ऑइल कूलरच्या फटी साफ ठेवणं चुकवून चालत नाही.

‘दाब वाढवला की पिकअप वाढतो’ हेही पूर्ण सांगितलं जात नाही. जादा हवा म्हणजे जादा उष्णता, आणि पेट्रोल इंजिनात नॉकिंग. पोर्शेने 911 टर्बोचं कॉम्प्रेशन सुरुवातीला 6.5 इतकं खाली ठेवलं ते याच भीतीने, आणि 1978 मध्ये इंजिन 3.3 लिटरचं केलं तेव्हा इंटरकूलर जोडला. कारखान्याने ठरवलेला दाब स्क्रू फिरवून वाढवला, की पिस्टनला भोक पडायला एक चढ पुरतो.

आणि खरंच नवा टर्बो बसवायची वेळ आली, तर जुना कशाने गेला ते आधी शोधा. ऑइलच्या नळ्या स्वच्छ करा, टर्बोच्या ऑइल येणाऱ्या तोंडात ताजं ऑइल भरा, आणि इंजिन सुरू होऊ न देता ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा-थोडा वेळ स्टार्टर फिरवा. कोरड्या बेअरिंगवर पहिले काही सेकंद फिरलेला टर्बो नवा असूनही तिथेच खराब होतो.