आधी बोटुकली, मग गळ

जोगेश्वरीहून विक्रोळीकडे निघालं की सीप्झ मागे पडल्यावर डाव्या हाताला पवई तलाव लागतो. काठाला कुणीतरी गळ टाकून बसलेलं असतंच. त्याला लागणारा कटला किंवा रोहू मात्र सहसा पवईत जन्मलेला नसतो.

कटला, रोहू, मृगळ ही नदीची लेकरं. पुराचं वाहतं पाणी मिळालं तरच त्यांची वीण होते. तलावात ती झकास वाढतात, पण पिल्लं होत नाहीत. म्हणून पिल्लं, म्हणजे मत्स्यबीज, बाहेरून आणून सोडावं लागतं; पूर्वी हे बीज नदीतूनच गाळून आणायचे. १० जुलै १९५७ला ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन ही वीण माणसाच्या हाती आणली, आणि बीज केंद्रात तयार होऊ लागलं.

लहान तळं असेल तर बीज सोडायच्या हंगामाची तयारी सोपी. उन्हाळ्यात आटवा, तळाला भेगा पडू द्या, चुना मारा, मग पाणी घ्या. पवईला हे लागू नाही. १८९०च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव भरला की सव्वादोनशे हेक्टरांवर पसरतो, त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी असतं. तो उपसणार कोण? म्हणजे मरळीसारखे शिकारी मासे आत राहणारच. त्यांच्यापुढे जिऱ्याएवढे मत्स्यजिरे टाकणं म्हणजे फुकटची मेजवानी. म्हणून इथे बोटुकली, म्हणजे निदान तीन-चार इंचांची पिल्लं हवीत. महाग पडते, पण वाचते.

त्याआधी जलपर्णी काढावी लागते. सांडपाण्यावर ती माजते आणि पाण्यावर झाकण घालते. उन्हाचा, हवेचा संबंध तुटतो, खाली कुजणारा पाला प्राणवायू खातो. पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसले तर बीज आणायची वेळ आलेली नाही, असं समजावं. काम बोटीतून, यंत्रानेच. पवईत मगरी आहेत, पाण्यात उतरायचा उत्साह नको.

पाऊस पडला की लगेच बीज सोडायची घाई होते, ती चुकीची. तलाव भरून वाहू लागला की पाणी मिठी नदीत जातं, आणि प्रवाहासोबत पिल्लंही. सांडव्याचा जोर ओसरू द्यावा.

बोटुकली येते प्लास्टिकच्या पिशवीत. एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू. निघण्याआधी तिला उपाशी ठेवलेलं असतं, नाहीतर प्रवासात विष्ठेने पाणी नासतं. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर पिशवी न उघडता तलावात तरंगत ठेवायची, पंधरा-वीस मिनिटं. आतलं-बाहेरचं तापमान जुळलं की तोंड सोडून ओंजळ-ओंजळ तलावाचं पाणी आत घालायचं. मग पिशवी आडवी करायची आणि हात काढून घ्यायचा. ओतायचं नाही. आधी दोन-चार धीट पिल्लं तोंडाशी येतात, थबकतात, शेपटी हलवून गढूळ पाण्यात दिसेनाशी होतात. मग बाकीची एकदम. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. चाळीतल्या माळ्यांसारखी वाटणी, फक्त पाण्यावरून भांडण नाही. पिशवीच्या तळाशी जी पिल्लं हलत नाहीत, ती मोजून बाहेर काढायची.