मावा पडतो कुठून?

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, पाऊस पुरता उघडला, आणि कुंपणावरच्या पावट्याला मावा पडला. ‘पडला’ हा शेतकऱ्यांचा शब्द चपखल आहे. परवापर्यंत हिरवागार असलेल्या शेंड्यावर आज कुणी वरून मोहरी उधळावी तसे काळे, चकचकीत ठिपके.

मावा पडत मात्र नाही, जन्मतो. आपल्या उबदार हवेत या काळ्या माव्याच्या मादीला नर लागत नाही. ती अंडीही घालत नाही. थेट पिल्लं देते, बहुतेक साऱ्या मुलीच. शिवाय जन्माआधीच त्या मुलींच्या पोटात नातींची वाढ सुरू झालेली असते. जिनिव्हाच्या शार्ल बोने या विशीतल्या तरुणानं १७४० साली नुकतंच जन्मलेलं एक पिल्लू एकटं झाकून ठेवलं आणि भिंग घेऊन राखण केली. त्या एकटीला ९५ पिल्लं झाली! पावसाळ्यात सरी माव्याला झोडपून धुऊन काढतात. आता तोही धाक उरलेला नाही.

वेलाच्या रसात साखर भरपूर, प्रथिनांचा कच्चा माल तुटपुंजा. म्हणून मावा रस ओढतच राहतो आणि नको असलेली साखर मागून थेंबाथेंबानं सोडतो. पानं चिकट होतात, त्यावर काळी बुरशी धरते. मुंग्यांची मात्र चंगळ. मिशांनी माव्याला गोंजारून त्या थेंब पितात आणि बदल्यात त्याची राखणही करतात.

फवारणीचा पंप मी आठवडाभर मुद्दाम अडगळीतच ठेवला. (घरात यावरून बोलणी खाल्ली.) पाचव्या दिवशी चिमुकल्या सुसरीसारख्या, काळ्या, पिवळसर ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या. पाहताच चिरडाव्यात अशाच दिसतात बिचाऱ्या. पण ही ढालकिड्याची पिल्लं. लालचुटूक आईबापांना आपण कौतुकानं तळहातावर घेतो आणि लेकरांना मारतो.

त्याहून नवल पानाच्या मागे होतं. मावाच, पण टम्म फुगलेला, भुऱ्या रंगाचा, निश्चल. इवल्याशा गांधीलमाशीनं त्याच्या पोटात एक अंडं टोचलं होतं. अळीनं त्याला आतून खाल्लं आणि त्याच्याच कातडीच्या कवचात कोष केला. एका पानावर असे अकरा मोजले. चारांच्या पाठीला कंपासनं आखल्यासारखं गोल भोक होतं, एकाचं झाकण अजून बिजागरीवर लोंबत होतं. उरलेल्या सातांचं पान मी तोडलं नाही.