खालचा कप्पा

सकाळी ८.४०
पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातला पाऊस आत्ताच थांबलाय. जूनचा दुसरा शनिवार. सोमवारी शाळा उघडणार. पलीकडच्या दुकानापुढे पाठ्यपुस्तकांसाठी रांग लागली आहे, प्रत्येकाच्या हातात शाळेने दिलेली यादी. काकांच्या दुकानापुढे कुणी नाही. इथे पाठ्यपुस्तकं नाहीत, गाइडं नाहीत. मुलांच्या गोष्टी, कविता, चित्रांची पुस्तकं, एवढंच. दहा बाय चौदाचा गाळा. काका इथे अडतीस वर्षं बसतात.

शटर वर गेलं की आधी ते वाकून उंबऱ्याच्या आतल्या फरशीवर हात फिरवतात. पाणी आलंय का ते हाताला कळतं. आज फरशी कोरडी आहे. मग कामाला सुरुवात. पावसाळ्यात रोज रात्री सगळ्यात खालच्या कप्प्यातली पुस्तकं उचलून टेबलावर ठेवायची आणि सकाळी पुन्हा खाली लावायची. साधारण दीडशे पुस्तकं. एका वेळी दहा-बारा. काकांचं वय चौसष्ट, गुडघ्यांना पट्टे.

सगळ्यात चांगली पुस्तकं खाली का ठेवता, मी विचारतो.

“घेणारा तीन फुटांचा आहे,” काका म्हणतात आणि पुढचा गठ्ठा उचलतात.

सकाळी १०.१०
हमाल डोक्यावरून दोन गठ्ठे आणतो. टेम्पो रस्त्याच्या टोकालाच थांबलाय, आत यायला जागा नाही. गठ्ठ्यामागे तीस रुपये. हाताखालचा पोरगा सुतळी कापत नाही, गाठ सोडवतो. सुतळी पुन्हा वापरायची असते. काका चलन हातात धरून प्रती मोजतात. एका प्रतीत आठ पानं उलटी बांधली गेली आहेत. ती रिटर्नच्या ढिगात जाते.

ऐंशी रुपयांचं पुस्तक त्यांना साठला पडतं. गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट द्यावी लागते, सगळेच देतात. म्हणजे बहात्तरला विकायचं. उरले बारा. हमाली, वीज, गाळ्याचं भाडं आणि पोराचा महिन्याचा चौदा हजार पगार या बारांतून.

सकाळी ११.५०
एक बाई मुलाला घेऊन येतात. मुलगा तिसरीत. “चांगले संस्कार होतील असं काहीतरी द्या,” बाई म्हणतात. काका मान डोलावतात आणि स्वतः बुटक्या स्टुलावर बसतात. आता त्यांचे आणि मुलाचे डोळे एका पातळीवर.

“तुला काय आवडतं?”

मुलगा गप्प.

काका खालच्या कप्प्यातून विंदा करंदीकरांचं ‘राणीची बाग’ काढतात. ही नमुन्याची प्रत. कोपरे वळलेत, मलपृष्ठाला चिकटपट्टी. अशा वीसेक प्रती आहेत. त्या विकल्या जात नाहीत, त्यांचे पैसे काकांच्या खिशातून गेलेले असतात. “इथून वाच. मोठ्याने.” मुलगा वाचू लागतो. जोडाक्षराला अडतो, पुढे जातो, पुन्हा अडतो. काका बोटं मिटत राहतात. एका पानात पाच ठिकाणी अडखळला तर ते पुस्तक सहा महिन्यांनी घ्यायचं, असा त्यांचा हिशेब. तीन बोटं मिटली. पान संपताना मुलगा हसतो आणि न सांगता पुढचं पान उलटतो. बस्स, हे पुस्तक त्याचं.

बाईंना ‘श्यामची आई’ही हवी आहे. काका दोन आवृत्त्या पुढे ठेवतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, साठ वर्षांनी कॉपीराइट संपला. २०११ पासून हे पुस्तक कुणीही छापू शकतो. एक आवृत्ती स्वस्त, बारीक टाइपाची. काका पहिलंच पान उघडून त्यातल्या दोन चुका बोटाने दाखवतात. दुसरी तीस रुपयांनी महाग, टाइप मोठा. “ही घ्या. पण त्याला वाचायला देऊ नका, ताई. तुम्ही वाचून दाखवा. त्यात ४२ रात्री आहेत. रोज एक. जुलैअखेर होईल.”

दुपारी १.१५
जुन्नरकडच्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी. दोन शिक्षकांची शाळा, पहिली ते चौथी, एकतीस मुलं. खिशात तीन हजार रुपये, गावातून जमवलेले. काका यादी मागत नाहीत. पहिलीत किती आणि चौथीत किती, एवढंच विचारतात.

पहिलीसाठी प्रथम बुक्सची पातळ पुस्तकं, एका पानावर एक-दोन ओळी. माधुरी पुरंदरेंची चित्रांची पुस्तकं. तिसरी-चौथीला त्यांचंच ‘वाचू आनंदे’. त्यात मराठीतल्या चांगल्या लेखकांचे वेचे आहेत आणि चित्रंही. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’. शेवटी गुरुजींच्या स्वतःसाठी ‘तोत्तोचान’, नॅशनल बुक ट्रस्टचं. मुलीला शाळेतून काढून टाकतात आणि तिला दुसरी शाळा मिळते, ती गोष्ट. “हे मुलांचं नव्हे, तुमचं,” काका म्हणतात.

बिल ३,०४० होतं. काका चाळीस सोडतात.

दुपारी २.००
डबा उघडायच्या आधी काका दाभण काढतात. गुरुजींच्या गठ्ठ्यात चौदा पुस्तकं सेंटर पिनची आहेत. पिना पावसाळ्यात गंजतात, कागदाला तांबूस डाग पडतो, मग मधलं पान सुटतं. शाळेत एक पुस्तक तीस हातांतून जाणार. काका चिमट्याने पिना वर करून काढतात. पुस्तक मधोमध उघडून, घडीवर बोट दाबून दाभणाने तीन भोकं पाडतात. मेणाचा दोरा मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकांची गाठ आतल्या बाजूला. एका पुस्तकाला चार मिनिटं. चौदा पुस्तकांना तासभर. पैसे घेत नाहीत. गुरुजी शेजारी बसून दोन पुस्तकांवर शिकतात आणि तिसरं स्वतः शिवतात.

तोवर भाजी गार झाली आहे. तीन वाजता जेवण, दहा मिनिटांत.

दुपारी ३.४०
एक आजोबा. नातू कॅलिफोर्नियात, नऊ वर्षांचा. मराठी बोलतो, वाचायला मात्र नुकता शिकतोय. आजोबांनी निवडलंय जाडजूड गोष्टींचं पुस्तक. काका ते बाजूला ठेवतात. नऊ वर्षांचा मुलगा, पहिलीतलं वाचन. अशा मुलाला अक्षर सोपं आणि चित्र भरपूर लागतं. ते ‘राधाचं घर’चा संच काढतात. घरातली माणसं, छोटी वाक्यं, बोलतो तशी भाषा.

“दोन संच घ्या. एक तिकडे पाठवा, एक तुमच्यापाशी. फोनवर दोघं एकच पान उघडून बसा.”

आजोबा थोडा वेळ विचार करतात. मग दोन घेतात. काका वजनकाट्यावर संच ठेवून बघतात, कुरिअरवाला किलोवर पैसे घेतो.

हा सल्ला मला दिवसातला सगळ्यात मोलाचा वाटला. पुस्तक पाठवून आपण मोकळे होतो, पुढे ते कुणी वाचायचं याचा विचार राहून जातो.

संध्याकाळी ५.२०
सहावीतली मुलगी, आईबरोबर बसने हडपसरहून आली आहे. “काका, फास्टर फेणे आहे?” तिने २०१७ चा सिनेमा टीव्हीवर पाहिला आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे म्हणजे बनेश फेणे. फुरसुंगीचा.

“फुरसुंगी? आमच्या शेजारी?”

“तुमच्या शेजारी.”

ती उभ्या उभ्या वाचू लागते. आई बाजूच्या दुकानातून वह्या घेऊन येते, तरी ती वाचतेच आहे. पाच बोटांची परीक्षा इथे लागत नाही. दोन भाग घेते. तिसऱ्याचं नाव काका बिलामागे लिहून देतात आणि त्याखाली आणखी एक, ‘वनवास’, प्रकाश नारायण संतांचं. पुढे कंसात: आठवीत गेलीस की.

रात्री ८.४५
पलीकडची रांग संपली आहे. इकडे गल्ल्यात ९,३४० रुपये. त्यातले काकांचे अंदाजे चौदाशे. पोराचा दिवसाचा पगार, हमाली, चहा वजा केला की साधारण आठशे. भाडं आणि वीज त्यातूनच. काका वहीत आकडे मांडतात, रेघ ओढतात. नमुन्याच्या ‘राणीची बाग’ची चिकटपट्टी सुटली आहे, नवी लावतात.

पुन्हा पावसाला सुरुवात होते. काका गुडघ्यावर हात ठेवून वाकतात आणि खालच्या कप्प्यातली पहिली दहा पुस्तकं उचलतात. मी दुसरी दहा घेतो. सगळी वर ठेवायला अठरा मिनिटं लागतात.