तार टाकल्यानंतर

सकाळी सहा

उठल्या उठल्या आधी लाइट आहे का बघायचं. जुलैत भंडारदऱ्याला वारा-पाऊस एक झाला की रात्रीतून कुठेतरी तारेवर फांदी पडते, आणि पहाटेपर्यंत टॉवरच्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात. मग आमच्या शेंडी गावात मोबाइल सगळ्यांच्या हातात, रेंज कुणालाच नाही. धरणाच्या पायथ्याला १२ मेगावॉटचं वीजघर आहे, खाली कोदणीला ३४ मेगावॉटचं. तरी आमच्याकडे नेटवर्कचा पहिला प्रश्न विजेचाच. मी अकोल्याला कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुस्तकात नेटवर्कची सुरुवात व्याख्येपासून होते, आमच्या घरात मीटरच्या पेटीपासून.

आई आवणीला निघाली. मोबाइल पॉवर बँकेला लावला, डबा भरला.

सात

एसटी सुटते, रंधा मागे पडतो, मग राजूर, मग विठे घाट. राजूर येईपर्यंत मोबाइल खिशात ठेवते. रेंज शोधण्यात बॅटरी उगाच संपते.

फायबरही याच रस्त्याच्या कडेने येते. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो; नाशिकपर्यंतच्या अंतराला त्याला अर्धा मिलिसेकंदही पुरे. पण रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागला, की तुटलेली जागा सापडून जोड लागेपर्यंत दिवस जातो. त्या दिवशी रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही. माझ्या आजीने असे हेलपाटे घातलेत. धान्य दुकानात होतं, कार्ड हातात होतं, अंगठाही होता. नव्हता तो फक्त वरच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता.

साडेनऊ

पहिला तास थिअरीचा. ओएसआय मॉडेलचे सात थर आमचे सर फळ्यावर खालून वर काढतात: आधी तार, मग फ्रेम, मग आयपी. बिघाड शोधतानाही हाच क्रम, असा त्यांचा आग्रह. सगळ्यात वरच्या थरावर वेबसाइट उघडत नाही म्हणून ओरड होते, आणि सगळ्यात खाली प्लग निघालेला असतो.

आज त्यांनी मध्येच वारणेची गोष्ट सांगितली. १९९८ साली वारणानगरच्या आसपासच्या, कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी कॉम्प्युटर केंद्र, तिथे शेतकऱ्याला आपल्या उसाची माहिती. व्हीएसएनएलने देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. त्यानंतर तीनच वर्षांत हे धाडस. पण कॉम्प्युटर जुने होत गेले, देखभालीचा खर्च झेपेना. पुढे तिथेच साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं, आणि ते स्वस्तात चाललं.

वर्ग शांत होता. मला ती गोष्ट फार जवळची वाटली. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट पडलं. तार टाकायला निधी येतो, कंत्राट निघतं, फोटो निघतो. ती सांभाळायला माणूस लागतो, आणि तो त्याच गावात राहणारा हवा. चाळीस किलोमीटरवरून कुणी पावसात एका कनेक्टरसाठी येत नाही. मी नेटवर्किंगचा विषय घेतला तो यासाठी.

अकरा

लॅब. आज क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर बसवणं.

केबलचं वरचं निळं आवरण दोन बोटं सोलायचं. पातं जास्त दाबलं तर आतल्या तारेला चीर जाते, आणि ती तार महिन्याभराने तुटते, म्हणून आवरण अर्धवट कापून पिळून ओढायचं. आत चार जोड्या, एकमेकींना पीळ घातलेल्या. पीळ शोभेला नसतो: बाहेरचा विद्युत गोंधळ दोन्ही तारांवर सारखा येतो आणि पलीकडे वजा होतो. म्हणून टोकाला पीळ सोडायचा तोही अर्ध्या इंचाच्या आत.

मग रंग लावायचे. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी फोडून मध्ये निळी का घालायची, हे मला आधी कळत नव्हतं. जुन्या टेलिफोनची जोडी मधल्या दोन पिनांवर असते, तिला जागा ठेवलेली आहे.

शेजारच्या बाकावरच्या मुलाने रंग ओळीने लावले, जोडीला जोडी. दोन्ही टोकांना तसेच. टेस्टरवर एक ते आठ हिरवे दिवे ओळीने लागले, तो खूश झाला. सरांनी ती केबल घेतली, दोन मशीनमध्ये लावून मोठी फाइल पाठवली. फाइल रखडत गेली, पाकिटं गळत राहिली. तीन आणि सहा नंबरच्या पिना एका जोडीच्या हव्यात. इथे त्या दोन वेगळ्या जोड्यांच्या झाल्या होत्या, म्हणजे पिळाचा उपयोगच गेला. टेस्टर फक्त तार सलग आहे का ते सांगतो, तार चांगली आहे का ते नाही. सगळ्या तासिकांत मला हे सगळ्यात मोलाचं वाटलं.

त्याने कनेक्टर कापून टाकला आणि पुन्हा केलं. कनेक्टर एकदा दाबला की परत वापरता येत नाही. आवरणाची कड कनेक्टरच्या आत खिटीखाली दाबली गेली पाहिजे, नाहीतर ओढ तारांवर येते. दाबताना पकडीचा कट् आवाज आला, की सोडायचं.

एक

डबा. भाकरी आणि आळूची भाजी.

दीड

दुपारी कॉलेजचंच नेटवर्क कागदावर मांडायचं होतं. १९२.१६८.१० च्या २५६ पत्त्यांचे चार भाग: कार्यालय, लायब्ररी, लॅब, वायफाय. प्रत्येकी ६४ पत्ते, त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, उरले ६२. गणित सोपं. अवघड आहे कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवणं. वायफायवर पोरांनी व्हिडिओ लावले की कार्यालयातला शिष्यवृत्तीचा फॉर्म अडकतो. प्रवरेच्या पाटावर वरच्यांनी मोऱ्या उघड्या ठेवल्या की शेवटच्या चारीला पाणी पोचत नाही, तसंच हे. म्हणून पाळी लावावी लागते: वायफायला मर्यादा, कार्यालयाला राखीव वाटा. शिष्यवृत्तीवर ज्यांचं वर्ष अवलंबून आहे, त्यांचा फॉर्म आधी गेला पाहिजे. हा निर्णय मशीनचा नाही, नेटवर्क सांभाळणाऱ्याचा आहे.

शेवटी सरांनी मुद्दाम एक केबल घेऊन तिची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली. स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले, आणि लॅबमधलं पिंग बंद पडलं. एक ब्रॉडकास्ट त्या वेटोळ्यात फिरत राहतं, त्याच्या प्रती वाढत जातात, रस्ता भरतो. सर म्हणाले, “हे दिवे लक्षात ठेवा. हे दिसलं की कॉम्प्युटर उघडू नका, केबल बघा.” मग स्पॅनिंग ट्री चालू केलं. स्विचने वेटोळं ओळखून एक पोर्ट स्वतःच अडवला, दिवे शांत झाले.

साडेसहा

शेंडीत उतरले तर मामा छत्री धरून थांब्यावरच उभे. त्यांच्याकडे चार खोल्या आहेत, पावसाळ्यात धबधबे बघायला येणाऱ्यांसाठी.

“पोरी, नेट गेलंय बघ सकाळपासून. पाहुण्यांना पैसे ऑनलाइन द्यायचेत, आणि ते मला म्हणतात एटीएम कुठंय.”

खोलीत गेले. लाइट होती. वायफाय दिसत होतं, नेट नव्हतं. खालून वर. फायबरच्या डब्यावर लॉसचा दिवा लाल: म्हणजे प्रकाशच पोचत नाही. आता दोनच शक्यता, बाहेर तुटली किंवा घरात अडली. शेजारच्या घरी याच लाइनवरचा डबा हिरवा होता, म्हणजे अडचण मामांच्या घरातली.

वायर हाताने माग काढत गेले. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी कपाट सरकवलं होतं, आणि पिवळी पॅच कॉर्ड त्याच्या मागे काटकोनात मुडपली होती. तीव्र वळणावर प्रकाश काचेत टिकत नाही, बाहेर सांडतो. कपाट ओढलं, कॉर्ड सोडवली, तळहाताएवढं सैल वेटोळं करून खिळ्याला अडकवलं. फायबरचं टोक डोळ्यासमोर धरायचं नसतं, मामा ते करायला निघाले होते, त्यांना आधी थांबवलं. लाल दिवा गेला. हिरवा थोडा वेळ लुकलुकला आणि स्थिर झाला. नशीब, काच तडकली नव्हती. तडकली असती तर राजूरहून माणूस बोलवावा लागला असता.

मामा विचारत होते, किती द्यायचे. मी म्हटलं, एक कोरी वही द्या. पहिल्या पानावर घराचा नकाशा काढला: डबा कुठे, राउटर कुठे, कुठली केबल कुठल्या खोलीत, कुठे जोड आहे. केबलच्या टोकांना पट्ट्या चिकटवून नावं लिहिली. मामांच्या धाकट्याला लाल आणि हिरव्या दिव्याचा अर्थ समजावून सांगितला, आणि त्याच्याकडूनच परत म्हणवून घेतला.

साडेआठ

जेवताना आजीने विचारलं, रेशनवाल्याचं मशीन तुला बघता येईल का. मशीन सरकारी आहे, त्याला मी हात लावू शकत नाही. पण दुकानात येणारी वायर, तिचा प्लग आणि त्याच्या वरच्या गळक्या पत्र्यातून पडणारा थेंब, एवढं मला नक्की बघता येईल. उद्या कॉलेजला दुसरी गाडी धरली तर आधी तिकडे जाता येतं. क्रिम्पिंगची पकड आणि चार कनेक्टर पिशवीत घातले, सोबत प्लास्टिकचा एक तुकडा.